चाळीस दिवसांचा पुडा

आमच्या घरचं आरोग्यखातं माझ्याकडे आलं ते कर्तृत्वामुळे नाही, १४८/९४ मुळे. दिवाळी आटोपल्यावर फराळाची पापं तपासून घ्यावीत म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, कागदावर हा आकडा लिहिला आणि हॉटेलचं बिल सरकवावं तसा तो माझ्यापुढे सरकवला. "घरी मशीन घ्या, आठवडाभर रोज मोजा. आणि मीठ कमी करा."

मी घरी येऊन दोन्ही वाक्यं जाहीर केली.

"म्हणजे तू कमी कर," आई म्हणाली. "आमचा काय संबंध?"

पण तोवर माझ्या अंगात मंत्री शिरला होता. करायचं तर सगळ्या घराचं करायचं.

सगळं घर म्हणजे पाच माणसं आणि पाच पंथ. दादा, म्हणजे माझे वडील, सूर्यनमस्कारवाले. त्यांचे वडील औंध संस्थानात शाळेला होते आणि तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून नमस्कार सक्तीचे केले होते. राजेसाहेबांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमधून निघालं, ही हकिकत दादा अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, प्रुफं ह्यांनीच तपासली. त्यानंतर दहा वर्षांनी दादा जन्मले, ही बाब गौण. सत्त्याहत्तराव्या वर्षी ते रोज बारा नमस्कार घालतात, अजिंक्यताऱ्याचा चढ चढून येतात आणि मग दोन कंदी पेढे खातात. साताऱ्यात राहून पेढा न खाणं हा ते स्थानद्रोह समजतात. साखर तपासायची असली की आधी दोन दिवस पेढे बंद. यंदा माझ्या लेकीने त्यांना समजावलं, की आता जी तपासणी करायची आहे तिच्यात तीन महिन्यांची सरासरी कळते, कारण रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगावर बाळगते. दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे घरचाच माणूस चहाडी करणार."

आईचा पंथ तांब्याच्या हंड्यातल्या पाण्याचा. बायको शाळेत शिक्षिका, तिचा सगळा जीव घशात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ गुळण्या. माझं स्वतःचं म्हणाल तर मध्यंतरी मी डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवत होतो. जेवण ५५ मिनिटांत संपवायचं असा त्यातला नियम. बाकीचे लोक वीस मिनिटांत उठतात म्हणे. मी ५५ पुरेपूर वापरली.

आणि लेक घड्याळवाली. तिचं घड्याळ दिवसाला दहा हजार पावलं मागतं. हा दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तिने हे स्वतःच सांगितलं आणि फसली. "म्हणजे जपानातल्या दुकानदाराने सांगितलं म्हणून तू चालतेस," दादा म्हणाले. एकदा तिने ते घड्याळ गंमत म्हणून आजीच्या मनगटावर बांधलं आणि आई भाकऱ्या करायला बसली. सात भाकऱ्या थापून होईतो घड्याळाने तिची सव्वाचारशे पावलं भरली. आई बसल्या जागेवरून हलली नव्हती. "बघ," ती म्हणाली, "मी रोज कुठवर जाऊन येते ते तुम्हाला कळत नाही."

मशीन आलं. त्याच्याबरोबरचा कागद मी मोठ्याने वाचून दाखवला. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको, हात छातीच्या पातळीत, आणि बोलू नये. आमच्या घरात पाच मिनिटं शांतता मिळते ती पहाटे दोन ते तीनच्या सुमारास. तरीही आईला खुर्चीत बसवलं.

"आई, आता बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय? तूच बोलतोयस."

पट्टा फुगायला लागला. "अरे, आवळतंय हे! दूध ठेवलंय गॅसवर, कुणीतरी बघा. आणि ती समोरची परवा विचारत होती…"

आकडा आला १६२. बोलण्याने प्रेशर चढतं, हे कागदावर छापलेलंच होतं. परत मोजायचं ठरलं. या खेपेला तिच्या हातात जपमाळ दिली आणि दूध मी स्वतः उतरवलं. १२८. "म्हणजे माझ्या बोलण्याची किंमत चौतीस," आई म्हणाली. त्यावर कुणीच काही बोललं नाही, पण दादांच्या डोळ्यांत एक चमक येऊन गेली ती मी पाहिली. त्या दिवसापासून दादा दिवसातनं चार-चार वेळा प्रेशर मोजतात. आईने 'गावाकडच्या जमिनीचं काय केलंत' असा विषय काढला की ते शांतपणे उठतात, पट्टा बांधतात, पाठ टेकतात, पाय सपाट ठेवतात आणि ओठांवर बोट ठेवून मशीनकडे बघत बसतात. पाच मिनिटं त्यांना वैद्यकीय संरक्षण असतं. त्यांचं प्रेशर उत्तम आहे.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे फार तर एक लहान चमचा. पाच माणसांचे झाले २५. किलोचा पुडा ४० दिवस पुरला पाहिजे. इतकं सोपं गणित आजवर कुणाला सुचलं कसं नाही, या आनंदात मी नव्या पुड्यावर मार्करने 'उघडला : २ नोव्हेंबर' असं लिहिलं आणि त्याला कपड्यांचा चिमटा लावला. आमटीत मीठ निम्म्याने कमी झालं. पहिल्या दिवशी दादांनी आमटीचा भुरका घेतला आणि विचारलं, "घरात कुणाचं सुतक आहे का?" पण जेवले बिचारे. सगळेच जेवले.

२२ नोव्हेंबरला पुडा संपला.

वीस दिवसांत किलोभर! माणशी दहा ग्रॅम! मी जेवणाच्या टेबलावर रिकामा पुडा ठेवून चौकशी समिती भरवली. सगळ्यांनी अंग झटकलं. लेकीने वर माझ्याच गणितातली चूक काढली. त्या ५ ग्रॅमात लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठसुद्धा धरायचं असतं. "आपलं लोणचं मे महिन्यातल्या मिठाचं आहे बाबा, ते ह्या पुड्यात कुठे आलं?" म्हणजे परिस्थिती मला वाटली त्याहून वाईट होती.

रविवारी मी पहाटेच स्वयंपाकघरात वर्तमानपत्र उघडून बसलो. नवा पुडा डोळ्यांपुढे. साडेसहाला बायको आली, कोमट पाण्याच्या पेल्यात चमचाभर मीठ घालून गुळण्यांना गेली. साडेसातला दादा अजिंक्यताऱ्यावरून उतरले, बादलीत गरम पाणी घेतलं, त्यात एक सणसणीत मूठ टाकली आणि पाय सोडून बसले. मग आईने हंडा घासायला काढला. तांबं लखलखीत व्हायचं तर चिंच आणि मीठ, आणि आईची मूठ लहान असली तरी हंडा मोठा आहे. दहाला लेकीने फ्लॉवरचे तुरे अळ्या निघाव्यात म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवले. एवढं मीठ गेलं आणि अजून कुणी एक घास खाल्ला नव्हता.

खरा धक्का दिवेलागणीला बसला. मी कोचावर डोळे मिटून पडलो होतो. आई पावलं न वाजवता आली आणि माझ्यावरून काहीतरी ओवाळून पुटपुटत मोरीकडे गेली. मी मागोमाग गेलो. तिच्या मुठीत मीठ-मोहऱ्या होत्या.

"हे काय?"

"दृष्ट काढतेय. पंधरा दिवस झाले, रोज काढते. तू झोपलेला असतोस."

"कशासाठी?"

"प्रेशर उगीच वाढलं का तुझं? दिवाळीत तो नवा निळा शर्ट घालून गावभर हिंडलास. नको म्हणत होते मी."

म्हणजे माझं प्रेशर उतरावं म्हणून घरात मूठ-मूठ मीठ खर्ची पडत होतं आणि ते मीठ कुठे जातं या काळजीने माझं प्रेशर चढत होतं. मी आईला काही बोललो नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी १३४/८६ आलं आणि त्याचं श्रेय कुणाला द्यायचं यावरून घरात अजून एकमत झालेलं नाही. डॉक्टर म्हणतात आमटी, आई म्हणते मोहऱ्या.

मी आरोग्यमंत्री या नात्याने एकच धोरणात्मक निर्णय घेतला. वाण्याकडून दोन किलो खडेमीठ आणलं, डब्यावर 'पाय, घसा, हंडा, फ्लॉवर, दृष्ट' असं लिहिलं आणि तो मोरीजवळच्या फळीवर ठेवला. खाण्याच्या पुड्यावर नवी तारीख घातली, २४ नोव्हेंबर. आमटी आता सगळ्यांना सवयीची झाली आहे. परवा पाहुण्यांकडे जेवताना दादांनी यजमानीणबाईंना 'मीठ जरा जास्त झालंय' असं सांगून बायकोला खाली मान घालायला लावली.

हा पुडा २८ डिसेंबरला संपला. चौतीस दिवस पुरला. चाळिसांत सहा कमी पडले, त्यांचा जाब लेक सारखी मागते आहे. सध्या पेरूचा हंगाम आहे, दुपारी गच्चीवर ऊन छान असतं, आणि तिखट-मीठ लावलेल्या फोडी खाताना दादा आणि मी दोघंही एक शब्द बोलत नाही.