आपोआप लागणाऱ्या घड्याळाच्या सेवेचे नियम

ज्या निवृत्त गृहस्थाच्या खोलीतील भिंतीवर, चिरंजीवांच्या औदार्यामुळे, स्वतःची वेळ स्वतः लावून घेणारे घड्याळ स्थानापन्न झाले आहे, आणि ज्यास त्याच वेळी "बाबा, याला हात लावू नका, ते आपोआप लागतं" अशी सक्त ताकीदही मिळाली आहे, त्याच्या मार्गदर्शनार्थ पुढील नियम आमच्या न्यू जर्सीच्या मुक्कामी सिद्ध करण्यात आले आहेत. घड्याळ आपोआप लागते हे विधान खरे आहे. मात्र ते कोणती वेळ लावून घेईल याविषयी त्या विधानात काहीच म्हटलेले नाही, ही गोष्ट सेवेकऱ्याने आरंभीच ध्यानी घ्यावी.

नियम पहिला. घड्याळ कोणाचे ताबेदार आहे हे ओळखावे. ते आपले नव्हे, आणि ज्याने पैसे मोजले त्या चिरंजीवांचेही नव्हे. कोलोरॅडो संस्थानात फोर्ट कॉलिन्स म्हणून गाव आहे; तेथील सरकारी प्रक्षेपण केंद्र १९६५ पासून ६० किलोहर्ट्झच्या रेडिओलहरींवर रात्रंदिवस वेळ सांगत असते, आणि ती वेळ सीझियमच्या अणूंच्या स्पंदनांवर बेतलेली असल्यामुळे तिच्याविषयी तक्रार करण्यास जागा नाही. तक्रार आहे ती सांगण्याच्या रीतीबद्दल. दर सेकंदास एक खूण, याप्रमाणे मिनिट, तास, वर्षातला कितवा दिवस, साल कोणते, लीप वर्ष आहे की नाही, एवढा मजकूर पुरा करण्यास सबंध एक मिनिट लागते. आणि मध्ये एखादी खूण गाळली गेली की आमचे घड्याळ, हुजूरची सही नसलेला कागद परत पाठवणाऱ्या मामलेदाराप्रमाणे, तो सगळा मजकूर नामंजूर करून पुढच्या मिनिटाची वाट पाहत बसते.

नियम दुसरा. सेल नवा आणि अल्कलाइन घालावा. पुन्हापुन्हा भरता येणारा सेल घरात पडून आहे म्हणून घालू नये. त्याचा दाब कमी असतो, आणि काटे भराभर पळवण्याची पाळी आली की घड्याळ मध्येच मान टाकते.

नियम तिसरा. लहरी रात्री येतात. आमच्यापासून कोलोरॅडो अडीच हजार किलोमीटरांहून दूर; एवढी वाटचाल सबंध अंधारात झाली तरच हुकूम धडपणे पोहोचतो, म्हणून नवा सेल घातल्यावर घड्याळ पश्चिमेच्या खिडकीत, पाठ किंवा तोंड पश्चिमेकडे करून, रात्रभर ठेवावे आणि सकाळपर्यंत त्याच्याकडे पाहू नये. (हे शेवटचे पथ्य सर्वांत अवघड.) फ्रिज, टीव्ही, फोनचे चार्जर आणि हल्लीचे एलईडी दिवे यांच्या शेजारी त्यास बसवू नये. घराला बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकलेले असल्यास खिडकीवाचून गत्यंतर नाही. शिवाय इंग्लंडातील अँथॉर्नचे केंद्रही नेमक्या ६० किलोहर्ट्झवरच बोलते, आणि अमेरिकेच्या या पूर्व किनाऱ्यावर त्याचा आवाज अधूनमधून मध्ये कडमडतो. म्हणजे देश सोडून इतक्या दूर आल्यावरही आमच्या वेळेत इंग्रजाची ढवळाढवळ चालूच आहे.

नियम चौथा, आणि हा मुखोद्गत करावा. घड्याळ रोज नेमके तेवढेच चुकत असेल, म्हणजे काल सात मिनिटे पुढे, आज सात मिनिटे पुढे, उद्याही सातच, तर लहरींना दोष देऊ नये. अशा घड्याळाला बिनचूक वेळ कळलेली असते. फक्त काटे चुकीच्या जागी बसवलेले असल्यामुळे ते ज्ञान काट्यांपर्यंत पोहोचत नाही. परीक्षा सोपी आहे. सेल काढून पुन्हा घातला असता काटे धावत जाऊन बाराच्या अंकावर येऊन थांबले पाहिजेत. आमच्याकडचे बारा वाजून सात मिनिटांवर थांबतात, आणि तेही इतक्या आत्मविश्वासाने की पाहणाऱ्यास स्वतःच्या डोळ्यांचा संशय यावा. उपाय एवढाच, की काच उतरवून मिनिटकाटा अलगद उपसून घ्यावा आणि बाराच्या अंकावर सरळ दाबून बसवावा. मात्र यासाठी घड्याळास हात लावावा लागतो, आणि हात लावण्यास मनाई आहे. चिरंजीव संगणकाच्या व्यवसायात असल्यामुळे जगातील यच्चयावत व्याधींवर त्यांच्याकडे एकच औषध आहे. "रीसेट केलं का?" केलं, बाबा, केलं! हजारदा केलं! रीसेट केल्याने वाकडा काटा सरळ होतो काय? पण हे त्यास सांगावे कोणी? बिचारा दिवसभर राबून संध्याकाळी येतो, जेवण्यापूर्वी स्टुलावर चढतो, मोठ्या मायेने मागचे बटण दाबतो, आणि "आता बघा, सकाळी एकदम करेक्ट होईल" असे म्हणून उतरतो. सकाळी ते सात मिनिटे पुढे असते.

नियम पाचवा. येथील सरकार मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. हा प्रघात २००७ चा. तत्पूर्वी एप्रिलचा पहिला आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार मुक्रर होता. काही घड्याळे लहरीबिहरी ऐकत नाहीत, कारखान्यातच पोटात तारखा भरून येतात. त्यांतली जुनी अजून त्या रद्द झालेल्या कायद्याचा अंमल करतात. शेजारच्या गुजराती गृहस्थांकडे असे एक आहे, आणि वसंतात तीन-चार आठवडे व शरदात एक आठवडा ते आमच्याकडे वेळ विचारावयास येतात. आम्ही सात मिनिटे वजा करून सांगतो. लहरींवर चालणाऱ्यांपैकी पुष्कळांचे काटे मागे फिरत नाहीत, त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या रात्री एक तास मागे येण्यासाठी ती अकरा तास पुढे धावतात. हा देखावा एकदा जागून अवश्य पाहावा. वेळेच्या बाबतीत याहून प्रामाणिक मूर्खपणा आमच्या पाहण्यात नाही.

नियम सहावा. हे घड्याळ भेट म्हणून पुण्यास नेऊ नये. तेथे कोलोरॅडोचा आवाज ऐकू येत नाही, आणि अमेरिकेचे चार कालविभाग तेवढे त्याच्या दप्तरी आहेत, साडेपाच तासांचा आपला हिशेब तेथे नोंदलेलाच नाही. शिवाय आपल्या मुलखाचा या बाबतीतला लौकिक वेगळा आहे: १९०६ साली सरकारने सबंध हिंदुस्थानास एक वेळ लावून दिली, तरी मुंबईने एकोणचाळीस मिनिटे मागची आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. त्या मानाने आमची सात मिनिटे क्षुल्लक होत.

नियम सातवा. प्रत्यक्ष वेळ हवी असल्यास स्वयंपाकघरात जावे. तेथे ओव्हनवर हिरव्या आकड्यांचे एक घड्याळ आहे. ते आपोआप लागत नाही, वीज जाऊन परत आली की बारा-बारा करत लुकलुकू लागते, आणि सूनबाई फोनकडे एक दृष्टिक्षेप टाकून, बोलणे न थांबवता, दोन बटणे दाबून ते लावून टाकतात. त्यास हात लावण्यासही आम्हांस मनाई आहे, परंतु ती मनाई आम्हांस मान्य आहे.