साडेतीस मिलिमीटर हवा

दोन लाखांची मिररलेस बॉडी घ्यायची. ती पाखराचा डोळा आपणहून शोधते, धावत्या पोराचा चेहरा सोडत नाही, सेकंदाला वीस-वीस फोटो काढते. मग तिच्या तोंडावर अडॅप्टर चढवायचा आणि त्यावर सत्तरच्या दशकातली सोव्हिएत हेलिओस लेन्स फिरवून बसवायची. झालं! डोळा शोधणं बंद, चेहरा धरणं बंद. शटर उडावं म्हणून आधी मेनूत जाऊन 'लेन्स नसली तरी चालेल' अशी लेखी परवानगी द्यायची, कारण समोर लेन्स आहे हे कॅमेऱ्याच्या गावीही नसतं. शौक याला म्हणतात.

यात अडॅप्टरवाल्याचं मात्र कौतुक करावं. एसएलआरमध्ये आरसा उचलायला जागा लागे, म्हणून निकॉनच्या एफ माउंटपासून फिल्म ४६.५ मिलिमीटर लांब. आरसा गेला आणि झेड माउंटवर हे अंतर १६ वर आलं. मधले साडेतीस मिलिमीटर भरायला काच लागत नाही, नुसतं पोकळ नळकांडं पुरतं. म्हणजे हा गृहस्थ दोन कड्यांमध्ये हवा भरून विकतो, आणि आपण 'कोणत्या कंपनीची चांगली?' म्हणून चौकशी करतो.

खरी गंमत कॅननची. १९८७ साली कंपनीनं ईओएस आणलं आणि एफडी लेन्सचा संसार एका रात्रीत पोरका केला. एफडीला हवं ४२ मिलिमीटर अंतर, नव्या बॉडीत ४४. जुनी लेन्स लावायची तर मध्ये काच घालावी लागे, नाहीतर दूरचं काही स्पष्ट दिसत नसे. हजारो उत्तम लेन्स कपाटात गेल्या. पुढे २०१३ मध्ये सोनीची ए७ आली, १८ मिलिमीटरवाली, आणि कॅननच्या टाकलेल्या लेकरांना आसरा मिळाला तो शेजाऱ्याच्या घरात. कॅननची स्वतःची फुल-फ्रेम मिररलेस यायला २०१८ उजाडलं.

आणि हे सगळं कशासाठी? दोषांसाठी. हेलिओस ४४-२ ही युद्धाआधीच्या झाइस बायोटारची नक्कल, झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची. तिच्यात मागची पानं गरगर फिरताना दिसतात. लेन्सवाल्यांनी पन्नास वर्षं आणि बरंच गणित खर्चून ही गरगर घालवली. आता ती परत मिळवायला गिऱ्हाईक पैसे मोजतं. आसाहीच्या काही ५० मिमी एफ १.४ टाकुमारांच्या काचेत थोरियम आहे. कालांतरानं ती काच चहासारखी पिवळी पडते. उपाय उन्हाचा. त्यामुळे काही घरांत गच्चीवर कुरडयांशेजारी लेन्सही वाळत असते.

फोकस हातानं करायला आता खरंच सोपं झालंय, हे कबूल. शार्प कडा रंगून दिसतात, चित्र मोठं करून बघता येतं. लेन्सच्या पहिल्या मालकाला हे सुख नव्हतं. त्याच्याकडे अंदाज होता, आणि रोलमध्ये ३६ संधी.

विकत घेताना तेवढी टॉर्च मारून बघा. कोकणातले किंवा मुंबईतले चार पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचे धागे हमखास सापडतात. दाखवलेत तर विक्रेता म्हणेल, "फोटोत दिसत नाही." फोटो धुरकट आलाच, तर म्हणेल, "हेच तर लेन्सचं कॅरॅक्टर!" आणि पाचशे रुपये वाढवेल.