आम्हाला खेळायचंय, मरायचं नाही

मोबाइलवर चौघांनी मिळून खेळायचे जे खेळ आज घराघरांत पोचलेत, त्यांतल्या बहुतेकांमध्ये चौघांना मिळून एकच काम करता येतं. ते म्हणजे उरलेल्यांना मारणं. विमानातून उडी घ्या, बेटावर उतरा, बंदूक शोधा आणि दिसेल त्याला आडवा करा. चौघांनी मिळून पूल बांधू, होडी दुरुस्त करू, जंगलातून वाट काढू, असं म्हणाल तर त्याला तिथे जागाच नाही. माझी तक्रार ही आहे. ती लहान आहे हे मला मान्य आहे, पण ती रोज रात्रीची आहे.

मी दारव्ह्याला राहते. बहिणीचा मुलगा हिंजवडीत नोकरीला, भाची हैदराबादला, धाकटे दीर पांढरकवड्याला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही गल्लीत विचारा, घरं अशीच चार ठिकाणी विखुरलेली सापडतील. फोन केला की जेवण झालं का, पाऊस आला का, कापसाला काय भाव लागला, इथवर बोलणं येतं आणि संपतं. भाच्याने मला खेळ शिकवला तेव्हा कळलं की हातात काम असलं म्हणजे माणसं आपसूक बोलतात. कापूस वेचताना ओळीने चालणाऱ्या बाया दिवसभर बोलत असतात, तसंच आमचं होतं. साहेबाने मीटिंगमध्ये काय सुनावलं ते भाचा मला जीप चालवता चालवता सांगतो. दिरांच्या गुडघ्याचं दुखणं मला आधी खेळात कळलं, घरी नंतर.

आणि बोलणं असं रंगात आलं की नेमकं कुणीतरी आम्हाला गोळी घालतं.

परवाचंच सांगते. बेटाच्या कडेला दुमजली घर होतं. दीर खालची दारं लावत होते, भाचा खिडकीशी, मी आणि भाची वरच्या खोलीत. मी पट्टी बांधत होते. पट्टी बांधायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात दुसरं काही केलं तर ती अर्धवट सुटते. भाची म्हणाली, "मावशी, मी अजून आईला सांगितलं नाही, पण ही नोकरी मी..." तेवढ्यात खिडकीतून हातबॉम्ब आला आणि आम्ही दोघी गेलो. ज्याने मारलं तो जिना चढून आला, आमच्या सामानाच्या पेटीवर उभा राहिला आणि नाचला. हे नाचण्याचं बटण खेळ बनवणाऱ्यांनी मुद्दाम दिलेलं आहे. मी भाचीला विचारलं, पुढे काय म्हणत होतीस? ती म्हणाली, "जाऊ दे, मग सांगते."

मेल्यावर काय करायचं, हा वेगळाच त्रास. दोघं मेले आणि दोघं जिवंत असले तर मेलेल्यांनी जिवंतांच्या पाठीवर नजर लावून बसायचं. डाव आणखी वीस मिनिटं चालू शकतो. भाच्याला आमची कणव येते, म्हणून तो जिंकत आलेला डाव सोडून पाण्यात बुडून मरतो, म्हणजे चौघांना पुन्हा एकत्र सुरुवात करता येईल. त्याबद्दल खेळ त्याची रँक खाली आणतो. मावशीसाठी थांबणाऱ्या मुलाचे गुण कापणारा हिशोब मला मान्य नाही.

आता लाइनचं. आमच्याकडे लाइन जाते. वायफाय बंद पडतं, मोबाइलचा डेटा चालू होईपर्यंत माझं पात्र उघड्या मैदानात पुतळ्यासारखं उभं राहतं आणि कुणीतरी येऊन त्या उभ्या पात्राला मारून जातं. लाइन असली तरी रेंज पुढच्या खोलीतच येते. खेळाच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा असतो. आपल्या बोटाची हालचाल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते तो सांगतो. भाच्याकडे तो चाळीसच्या आसपास असतो, माझ्याकडे दीडशेच्या खाली क्वचितच येतो. माणसाविरुद्ध माणूस अशा लढतीत एवढ्या फरकावर निकाल लागतो. समोरचा भिंतीआडून बाहेर येऊन गोळी झाडून मोकळा झालेला असतो, आणि माझ्या पडद्यावर तो अजून भिंतीआडच असतो. पूल बांधायचा असेल, सामान वाहायचं असेल किंवा कॉम्प्युटरने सोडलेल्या लांडग्यांशी चौघांनी मिळून लढायचं असेल, तर तेवढ्याच उशिराने फारसं बिघडत नाही. माणसांनी एकमेकांना न मारण्याचा प्रकार मागितला की लगेच घाबरटांची सवलत म्हणून हिणवतात, म्हणून हे स्पष्ट सांगते. जुना फोन आणि तालुक्याचं नेटवर्क असलेल्या माणसाला हिंजवडीतल्या माणसाबरोबर बरोबरीने खेळता यावं, अशी ही मागणी आहे.

रब्बीत दिरांना रात्री शेतात जावं लागतं. शेताची लाइन रात्रीच्या पाळीला असली की ओलित रात्रीच करावं लागतं. मग आम्ही तिघंच उरतो आणि चौथा भिडू म्हणून खेळ एखादा अनोळखी मुलगा जोडून देतो. माझा आवाज ऐकला की तो म्हणतो, "आंटी, रोटी बनाओ जाके." मला मारायला जो येतो तो निदान शिव्या तरी देत नाही. हा माझ्याच बाजूचा असतो. मी माइक बंद करते. माइक बंद झाला की ज्यासाठी खेळायला बसलो तेच गेलं. भिडू अनोळखी नको, तिघंच खेळतो, असं निवडता येतं. पण मग समोर चार-चारांच्या टोळ्या आणि आम्ही तिघं.

मारामारीशिवायचं दालन काढता येत नाही, हे खरं नाही. 1997 साली निघालेल्या अल्टिमा ऑनलाइन या खेळात सुरुवातीला गावाबाहेर कुणीही कुणाला मारून लुटू शकत होतं. नवे खेळाडू कंटाळून सोडून जाऊ लागले. 2000 मध्ये खेळ बनवणाऱ्यांनी त्याच जगाच्या दोन प्रती केल्या. फेलुका या प्रतीत जुने नियम राहिले, ट्रॅमलमध्ये संमतीशिवाय कुणाला मारता येईना. बहुतेक लोक ट्रॅमलला राहायला गेले. शिकारी खेळाडूंनी खेळ मेला म्हणून ओरड केली, पण वर्गणीदार वाढत गेले आणि 2003 पर्यंत अडीच लाखांवर पोचले. सी ऑफ थीव्ज हा चाचेगिरीचा खेळ 2018 चा. त्याच्या कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये सेफर सीज नावाचा वेगळा समुद्र दिला, तिथे दुसऱ्या खेळाडूंची जहाजं येतच नाहीत. मात्र तिथे बक्षीस कमी मिळतं आणि काही गोष्टी बंद ठेवल्यात. हे मला खटकतं. खजिना शोधायला तेवढीच मेहनत लागत असेल तर मोबदला कमी का?

मोबाइलवर स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट हा खेळ 2019 पासून आहे, त्यात अनोळखी माणसांनी एकमेकांचा हात धरून उडायचं असतं. इट टेक्स टू तर दोघांशिवाय खेळताच येत नाही, आणि 2021 च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ तोच ठरला. मग तेच खेळा ना, असं मला सांगतात. भाच्याचे मित्र तिथे नाहीत. दिरांचा फोन लग्नांच्या व्हिडिओंनी भरलाय, एक खेळ काढल्याशिवाय दुसरा बसत नाही. माणसं जिथे आधीच जमलीत तिथेच वेगळी खोली हवी. गावाबाहेर नवं घर बांधून दिलंत तरी तिथे कुणी येणार नाही.

सरकारने या खेळांकडे लक्ष दिलं नाही असं मी म्हणणार नाही. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर. पबजीची भारतीय आवृत्ती जुलै 2021 मध्ये आली, जुलै 2022 मध्ये ॲपच्या दुकानांतून उतरवली गेली, मे 2023 मध्ये परतली. लहान मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली, रक्ताचा रंग हिरवा केला. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना उत्तेजन द्यायचं ठरवलं. कुठला खेळ, किती वेळ, किती पैसा, माहिती कुठल्या देशात जाते, सगळ्याचा विचार झाला. आत गेल्यावर माणसाला माणसाशी काय करता येतं, हा प्रश्न राहूनच गेला. सामाजिक खेळांना उत्तेजन द्यायचंच आहे तर पहिली अट एकमेकांना न मारता खेळायच्या दालनाची घालावी.

चुरस नसली तर मजा काय, असं भाचाही म्हणतो. चुरस मलाही आवडते. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आमच्या जिल्ह्यातले तालुकेही उतरले होते. 2017 मध्ये 8 एप्रिल ते 22 मे अशी ती चालली. ऐन उन्हात गावंच्या गावं समतल चर खणत होती, बांध घालत होती, शेजारच्या गावाचं किती काम झालं याच्या चौकशा करत होती. त्या वर्षी पहिली आली ती आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली काकडदरा ही कोलामांची वस्ती. त्या स्पर्धेत चुरस नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे? पण पुढे गेलेल्या गावाचा बांध रात्री जाऊन फोडणं हा काही स्पर्धेचा भाग नव्हता. हरलेल्या गावांतही खणलेले चर राहिले आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साचलं. मोबाइलवर मात्र हरलं की हातात काहीच उरत नाही, गोळा केलेलं सगळं मारणाऱ्याचं होतं.

कंपन्या मारामारीशिवायचं दालन का काढत नाहीत, त्याचं कारण मला पैशाचं वाटतं. माणसाशी माणूस लावून दिला की रोज नवं संकट तयार करावं लागत नाही, शंभर लोक एकमेकांचं संकट होतात, तेही फुकटात. चौघांनी मिळून सोडवायचं कोडं मात्र कुणीतरी बसून रचावं लागतं, आणि सुटलं की दुसरं रचावं लागतं. दुसरी अडचण त्या सांगतात की खेळाडू दोन दालनांत वाटले गेले तर डाव भरायला वेळ लागेल. आमच्या दालनात डाव भरायचाच नाही. आम्ही चौघं आलो की डाव भरला.

पुण्यात हे काम जाणणारी माणसं आहेत. सुपरगेमिंगचा इंडस पुण्यात बनला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये आला, तोही शेवटी एकमेकांना मारण्याचाच. नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये राजी हा देखणा खेळ काढला, तो एकट्याने खेळायचा. मला मधला हवा आहे. चौघांचा, अर्ध्या तासात संपणारा, जुन्या फोनवर चालणारा. ओळखीच्यांशिवाय कुणी आत येऊ नये. वाघ सोडा, पूर आणा, वणवा लावा, आम्ही बघून घेऊ. गुण पुरे द्या. आणि लाइन गेली तर दहा मिनिटं माझी जागा राखून ठेवा, दारव्ह्यात ती बहुतेक वेळा तेवढ्यात येते.