पहिल्या पानावर गाव कुठे आहे?

एम.एड.चे प्रबंध चाळा. बहुतेकांच्या पहिल्या ओळीत शिक्षण ही जन्मापासून मृत्यूपर्यंत चालणारी प्रक्रिया असते. मग विज्ञान-तंत्रज्ञानाचं युग येतं, मग विवेकानंद, गांधी, फ्रोबेल यांच्या व्याख्या, मग कोठारी आयोग. विषय आंजी (मोठी) या गावातल्या चौथीच्या मुलांच्या वाचनाचा असला, तरी आंजी गाठेपर्यंत दहा पानं उलटावी लागतात.

संताप येतो तो याचा, की गांधींची व्याख्या उतरवून घेणाऱ्याला त्यांचं काम शेजारी दिसत नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला शिक्षण परिषद वर्ध्यातच भरली, झाकिर हुसेन समिती तिथेच नेमली गेली, हस्तोद्योगातून शिकवणारी नई तालीम सेवाग्रामला रुजली. आंजी वर्धा तालुक्यातलीच. कापसाच्या या मुलखात सूतकताईतून गणित शिकवण्याची ती कल्पना आजच्या वर्गात कितपत उरली? प्रबंध या प्रश्नानेच का सुरू होऊ नये?

अशा थेट सुरुवातीचा नमुना हवा, तर 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं जोतीराव फुल्यांचं निवेदन बघा. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे ते आरंभीच सांगतात. मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, एतद्देशीयांची नव्हती. म्हणून आपण काढली आणि पत्नीसह तिथे अनेक वर्षं काम केलं. झाली प्रस्तावना! जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने 1990 मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेच्या तीन पायऱ्या मांडल्या: क्षेत्र दाखवा, त्यातली उणीव दाखवा, ती कशी भरणार ते सांगा. फुल्यांनी त्या शतकभर आधी चढून दाखवल्या होत्या.

विद्यार्थ्याला तरी किती बोल लावायचा? ग्रंथालयातला आधीचा प्रबंध हाच त्याचा नमुना, आणि ‘पार्श्वभूमी वाढवा’ हा शेरा मार्गदर्शकाचाच. प्रबंध लिहिणारे कितीतरी जण स्वतः शिक्षक असतात. कोणतं पोर जोडाक्षरापाशी अडतं, कोण कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेत दिसत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. पहिल्या पानाचा मजकूर तोच. नेमका तोच बाहेर राहतो.

मार्गदर्शकांनो, पहिल्या परिच्छेदात गाव, इयत्ता आणि प्रश्न नसेल, तर प्रकरण वाचू नका. परत करा.