ट्रायसेप्सवाले सर

खाली पोळी-भाजी केंद्र, जिन्यात चपलांचा ढीग, आत मारुतीच्या तसबिरीला उदबत्ती आणि शेजारी अर्नोल्डचं पोस्टर. डोंबिवलीतल्या अशा कुठल्याही जिममध्ये एक सर असतातच. ते ट्रेनर नसतात, मालकही नसतात. त्यांना ‘सर’ म्हणायला कुणी सुरुवात केली, हे त्यांनाही आठवत नाही. संध्याकाळी येतात, खांद्यावर नॅपकिन टाकतात, रिकाम्या बेंचवर बैठक मारतात आणि आरशासमोर बेटकुळ्या काढणाऱ्या पोरांकडे बघून चुकचुकतात.

“दर्शनी भिंत सगळे रंगवतात रे! मागची कोण बघणार?”

मागची भिंत म्हणजे ट्रायसेप्स. दंडाचा जवळपास दोन तृतीयांश ऐवज तिथे, आणि पोरं मात्र सोमवारी बायसेप्स, गुरुवारी बायसेप्स, मित्राची हळद असली तर त्या दिवशीही बायसेप्स मारतात. सरांना याचं मनापासून दुःख होतं. आणि सरांना दुःख झालं की कुणाचा तरी सेट बुडतो.

परवा कॉलेजातला एक पोरगा त्यांच्या तावडीत सापडला. बिचारा दोन्ही हातांनी 10 किलोचं डंबेल डोक्यावरून मानेमागे नेत होता. डंबेल पार खाली पोचलं तशी सरांनी आज्ञा केली, “थांब. तिथेच.” मग त्याच्या दंडावर बोट ठेवून व्याख्यान सुरू. “हे लॅटरल. आत दडलंय ते मीडियल. ही दोन्ही डोकी दंडाच्या हाडावरूनच निघतात. पण हे लाँग हेड! हे कुठून निघतं? खांद्याच्या फऱ्यावरून! म्हणून हात डोक्यावर नेला की ते पुरतं ताणलं जातं. खाली तिन्ही एक होऊन कोपराच्या टोकाला चिकटतात. काय समजलं?”

पोराला एवढंच समजलं होतं, की हात थरथरतोय आणि सरांचं अजून रेडियल नर्व्हवर यायचंय. दुसऱ्या दिवशी त्याला टी-शर्ट डोक्यावरून काढता येईना. “लागलं ना बरोबर जागी?” सर खूश.

खरा त्रास असा, की माणूस बोलतो ते बरोबर असतं. केबलवर पुशडाउन मारताना कोपर बरगड्यांपाशी हवं, ते पुढेमागे झुलायला लागलं की वजन ट्रायसेप्स नव्हे, कंबर ढकलते. स्कल क्रशरला ईर्ष्येने प्लेटा चढवल्या की आधी कोपर बोंबलतं. हे सगळं खरंच आहे. नुसती थाप असती तर हसून सोडून देता आलं असतं.

तालमीचा विषय निघाला की सरांचा सूर हळवा होतो. जोर काढणाऱ्या पैलवानाला ट्रायसेप्सची तीन डोकी कुणी शिकवली होती? तरी लाल मातीत दंड तयार झालेच. मग हमखास मनोहर आईच येतात. तुरुंगात व्यायाम करून शरीर कमावलेला, पाच फुटांहूनही बुटका माणूस, 1952 साली मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिला आला. “तिथे केबल मशीन होतं का?” असं सर विचारतात, तेव्हा केबल मशीनपाशी रांगेत उभी असलेली मंडळी उगाचच ओशाळतात.

जिमबाहेरही त्यांची नजर सुटत नाही. लोकलमध्ये वरची कडी धरलेल्यांचे दंड ते पारखत असतात. सोसायटीच्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या, तर पाणीपट्टीचा विषय ऐन रंगात असताना हे ओरडले, “वा आजी! फुल लॉकआउट!” आजींना वाटलं, पाण्याच्या ठरावाला अनुमोदन मिळालं. त्या पुन्हा बसल्याच नाहीत, ठराव मंजूर होऊनच गेला.

आता राहता राहिला प्रश्न सरांच्या स्वतःच्या ट्रायसेप्सचा. ते आजवर कुणी पाहिलेले नाहीत. ऐन मे महिन्यातही सर पूर्ण बाह्यांच्या ट्रॅकसूटमध्ये असतात. एका आगाऊ पोराने विचारलंच, “सर, तुम्ही कधी मारता?” सर म्हणाले, “सकाळी.” जिम सकाळीही उघडी असते आणि तिथे सकाळी येणारी मंडळीही आहेत. त्यांना विचारलं तर ती सांगतात, “सर ना? ते संध्याकाळचे.”

त्यांची फी गेल्या दिवाळीपासून थकलीय. मालक वहीत त्यांच्या नावाचं पान उघडतात, कपाळाला आठ्या घालून उठतात आणि बेंचपर्यंत जातातही. पण मालकांचं उजवं कोपर बरेच दिवस ठणकतंय. “सर, जरा बघता का?” एवढंच त्यांच्या तोंडून निघतं. सर नॅपकिन बाजूला ठेवतात, मालकांचा दंड दोन बोटांनी चाचपतात आणि म्हणतात, “बसा. हे लॅटरल.”