थ्री-स्टार नीती

यूपीएससीने 2013 मध्ये नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सुरू केला. तेव्हापासून सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांत पोरं पहाटे उठून प्रामाणिकपणा पाठ करतात. एथिक्स, मॉरल्स आणि मोरॅलिटी यांतला फरक लिहा म्हटलं की छापील उत्तर तयार असतं. मॉरल्स म्हणजे माणसाची स्वतःची नीती, मोरॅलिटी म्हणजे समाज ज्याला बरं-वाईट म्हणतो ते, आणि एथिक्स म्हणजे पदाला नि पेशाला बांधून घेणारी, कारणं द्यावी लागणारी आचारनीती. उत्तर बरोबर आहे, गुणही पडतात. प्रत्येकीत खिसा कोणाचा रिकामा होतो, तेवढं मात्र कोणी लिहीत नाही.

त्यासाठी ग्रीसपर्यंत जायला नको, तासगाव तालुका पुरे. अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे आबा. आबांच्या साधेपणाविषयी विरोधकही वाकडं बोलत नसत. ग्रामस्वच्छता अभियानात त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राच्या हातात खराटा दिला. ही झाली स्वतःची नीती, आणि ती चोख होती. मग 2005 मध्ये गृहमंत्री असताना आबांनी डान्सबार बंद केले. तरुण पोरं बिघडतात, संसार मोडतात, हे कारण; म्हणजे समाजाची नीती. दोन्ही सभागृहांत विधेयक एकमताने मंजूर! आपल्या विधिमंडळात एकमत होतं ते दोनच गोष्टींवर: आमदारांची पगारवाढ आणि दुसऱ्याचं चारित्र्य.

पण कायद्यात एक खिडकी उघडी होती. थ्री-स्टार आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना बंदीतून सूट. म्हणजे तेच गाणं, तीच कंबर. वर झुंबर असलं की कला आणि ट्यूबलाइट असली की अधःपतन. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये नेमका हाच भेदभाव धरून बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या जुलैत तो निकाल कायम ठेवला. तोवर आठ वर्षं गेली होती आणि हजारो बायकांचा रोजगारही गेला होता. सरकारनं धडा घेतला तो असा, की 2014 मध्ये सूटच काढून टाकली. मग सगळ्यांनाच बंदी. पुढे 2016 चा आणखी एक कायदा, त्यातल्या बऱ्याच अटी 2019 मध्ये न्यायालयाने उडवल्या. नोटा उधळायला मनाई राहिली, टीप द्यायला परवानगी मिळाली. संस्कृती वाचली म्हणायची.

पदाची नीती मागायची वेळ 2008 च्या नोव्हेंबरात आली. मुंबईवर हल्ला झाला आणि मोठ्या शहरात असं छोटं-मोठं घडतंच, या अर्थाचं वाक्य आबांच्या तोंडून गेलं. 1 डिसेंबरला राजीनामा. वर्षभरात निवडणूक झाली आणि तेच खातं परत मिळालं. बारमधल्या बाईला इतक्या लवकर परत कोणी कामावर घेतलं नाही.

साताऱ्याजवळच्या माहुलीचे, पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या बाबतीत फारच गैरसोयीचे. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्या खुनाबद्दल गादीवर बसलेल्या राघोबादादालाच शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशी हकीगत आहे. मग पुणं सोडलं. पुढे राघोबाला हटवणाऱ्या बारभाईंनी परत बोलावलं ही गोष्ट वेगळी. निघताना तसा करार काही झाला नव्हता. त्यांचं नाव आपण पुतळ्यांना आणि भाषणांना वापरतो, बदलीच्या अर्जात कोणी वापरत नाही.

आता सांगलीचं गोकुळनगर. सभ्य माणसं पत्ता विचारायलाही लाजतात ती वस्ती. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं 1992 पासून तिथे एड्सविरुद्ध काम उभं केलं, आणि 1996 मध्ये तिथल्याच बायकांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही संघटना उभी राहिली. कंडोम वाटायचे, गिऱ्हाईक ऐकत नसेल तर एकजुटीनं हाकलायचं, पोलिसांशी भांडायचं, हे सगळं त्यांनीच केलं. अमेरिकेने 2003 मध्ये एड्सनिधीचा कायदा केला, त्यात अट अशी: पैसे हवेत तर वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे हे धोरण म्हणून लिहून द्या. ज्या बायकांच्या जिवावर काम चाललंय, त्यांच्याच विरोधात सही! ‘संग्राम’नं सही केली नाही, पैसे सोडले. तेही 2005 च्याच सुमारास, म्हणजे तासगावचे मंत्री मुंबईला नीती शिकवत होते तेव्हा. ब्राझीलनेही त्याच वर्षी याच अटीपायी चार कोटी डॉलर नाकारले, पण तो देश होता. इथे सांगलीतली एक संस्था होती आणि तिच्यामागे उभ्या होत्या त्या बायका, ज्यांना आपण नीतीच्या यादीत धरतच नाही.

पुढची गंमत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची. अशी सही सक्तीने घेणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असं त्यानं 2013 मध्ये ठरवलं, अमेरिकी संस्थांपुरतं. त्यांच्या परदेशी भावंडसंस्थांचं काय, तर 2020 मध्ये उत्तर आलं: परदेशींना हा हक्क नाही. इथे हॉटेलाचे तारे मोजले होते, तिथे पासपोर्ट मोजला.

तेव्हा यापुढे कोणी संस्कृती वाचवायला निघाला की त्याचं भाषण ऐकत बसू नका. विधेयकाची प्रत मागवा आणि त्यातून सूट कोणाला आहे, तेवढं एक कलम वाचा.