राणीचा वाडा आणि आमचे हे

निवृत्त सिव्हिल इंजिनिअरबरोबर प्राचीन अवशेष बघायला जाऊ नये. तो बघता बघता तपासणीच करायला लागतो आणि आपल्याला टेपचं दुसरं टोक धरून उभं राहावं लागतं.

इथिओपियाच्या उत्तरेला टिग्रे प्रांतात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर अक्सुम नावाचं गाव आहे. आज तालुक्याच्या गावाएवढं दिसतं, पण एके काळी तांबड्या समुद्राच्या व्यापारावर पोसलेल्या साम्राज्याची ही राजधानी होती. तिसऱ्या शतकात मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाने जगातल्या चार थोर राज्यांची यादी केली, त्यात रोम आणि इराणच्या जोडीला अक्सुम आहे. आपण नाही. हे ह्यांना फार लागलं. "यादी करणाऱ्या कमिटीत कोण कोण होतं?" असं त्यांनी गाइडला विचारलं. गाइड तरुण होता, नम्र होता आणि त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. म्हणजे आमच्या ह्यांच्याशी गाठ पडायला अगदी योग्य.

अक्सुम प्रसिद्ध आहे ते दगडी स्तंभांसाठी. राजेलोकांच्या थडग्यांवर एकेका अखंड दगडातून कोरलेल्या या उंच इमारतीच आहेत. मजले आहेत, खिडक्या आहेत, तुळयांची टोकं बाहेर आलेली आहेत, तळाशी दार आहे आणि दाराला कोरीव कडीसुद्धा आहे. फक्त आत काही नाही, सगळा भरीव दगड. सगळ्यांत मोठा स्तंभ तेहतीस मीटरचा, तेरा मजली, पाचशे टनांहून जड. तो सुमारे सतराशे वर्षं तुकडे होऊन आडवा पडलाय. उभारतानाच कोसळला असावा, असं जाणकार मानतात. कोसळताना शेजारच्या थडग्याचं छतही घेऊन गेला.

हे बुडाशी उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि गाइडकडे गुन्हेगाराकडे बघावं तसं बघितलं.

"तेहतीस मीटर उंची आणि जमिनीत जेमतेम तीन मीटर? डिझाइन कोणी पास केलं?"

"राजाने," गाइड म्हणाला.

"मग बरोबर," हे म्हणाले आणि उठले.

शेजारचा चोवीस मीटरचा स्तंभ मात्र ताठ उभा आहे आणि त्याने या गावात सगळ्यांत जास्त प्रवास केलाय. मुसोलिनीच्या फौजांनी तो १९३७ साली उचलून रोमला नेला. युद्ध हरल्यावर १९४७ च्या तहात इटलीने लुटलेल्या वस्तू अठरा महिन्यांत परत करण्याचं कबूल केलं. स्तंभ परत आला २००५ साली. दरम्यान २००२ मध्ये रोममध्ये त्याच्यावर वीज पडली, तेव्हा कुठे फायलीला गती आली असं मला उगाच वाटतं. तीन तुकडे करून, तीन खेपांत, अजस्र अँतोनोव्ह विमानातून तो आणला आणि २००८ मध्ये पुन्हा उभा केला. ही हकिगत ऐकताना ह्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. अठरा महिन्यांच्या कामाला अठ्ठावन्न वर्षं लागलेली पाहून त्यांना आपल्या नोकरीचे दिवस आठवले.

तिथून राणीचा वाडा. बायबलमधली शेबाची राणी इथली माकेदा, ही इथे कथा नव्हे, वंशावळ. ती सॉलोमन राजाला भेटायला यरुशलेमला गेली. राजाने शब्द दिला, तू माझं काही घेतलं नाहीस तर मीही तुझ्या वाटेला जाणार नाही. मग तिला झणझणीत जेवण वाढलं. रात्री राणीने घोटभर पाणी घेतलं, राजाने हात धरला, आणि त्यातून पहिला मेनेलिक जन्मला. आपण त्याच वंशातले, हे सम्राट हैले सेलासीने १९५५ च्या राज्यघटनेतच लिहून टाकलं होतं. तिखटावर उभा राहिलेला दुसरा राजवंश माझ्या ऐकण्यात नाही.

आता हा डुंगूरचा वाडा राणीच्या काळानंतर निदान दीड हजार वर्षांनी बांधलेला. उत्खननवाल्यांनी तसं स्पष्ट सांगितलंय. मी हळूच तसं म्हटलं, तर गाइडने माझ्याकडे दयेने पाहिलं. ह्यांचं लक्षच नव्हतं. ते पन्नासेक खोल्यांचे पाये ओलांडत स्वयंपाकघराच्या पलीकडे पोचले होते आणि तिथून ओरडत होते, "अगं, इकडे ये! गटाराचा उतार बघ!" राणी कोणाची का असेना, उतार खरा होता. पुढे 'राणीचं स्नानगृह' लागलं, तो गावाचा तलाव निघाला. पायऱ्यांवर पोरं पिवळे कॅन भरत होती. जानेवारीत तिमकतच्या सणाला आख्खं गाव त्यात उड्या मारतं.

मग मरियम त्सियोनचं देऊळ. फासिलिदेस राजाने सतराव्या शतकात पुन्हा बांधलेल्या जुन्या देवळात बायकांना मज्जाव. देऊळ मरियमचं, बरं का! शेजारी हैले सेलासीने घुमटाचं नवं देऊळ सगळ्यांसाठी बांधून दिलंय, पण मला जुनंच बघायचं होतं. म्हणून मी ह्यांना आत पाठवलं. भिंतीवरची चित्रं, रंग, पुजारी, सगळं नीट बघून या, असं बजावलं. वीस मिनिटांनी बाहेर आले.

"काय होतं आत?"

"छान आहे. जुनं आहे."

"चित्रं?"

"हो, होती ना. ओल आलीय पण भिंतीला."

पलीकडे कुंपणाआड छोटं उपासनागृह आहे. मोझेसला मिळालेल्या दहा आज्ञांच्या पाट्या ज्या पेटीत ठेवल्या ती मूळ पेटी मेनेलिकने इथे आणली आणि ती इथेच आहे, ही इथली श्रद्धा. ती फक्त एक साधू बघू शकतो. तो मरेपर्यंत आवार सोडत नाही आणि आपला वारस नेमून जातो. देशातल्या प्रत्येक देवळात या पाट्यांची एक प्रतिकृती असते, तीही कापडात गुंडाळलेली. आमच्या ह्यांचं आयुष्य साठ्याची पडताळणी करण्यात गेलेलं. इथे मात्र बराच वेळ कुंपणाशी उभे राहून ते एवढंच म्हणाले, "एकाच माणसाच्या सहीवर चाललंय, आणि तक्रार नाही!"

आम्ही गेलो ते टिग्रेतल्या युद्धाच्या आधी. २०२० च्या नोव्हेंबरअखेर, मरियमच्या वार्षिक उत्सवाच्या तोंडावर, या गावात शेकडो निःशस्त्र माणसं मारली गेली. हे लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही.

गावाबाहेर एका झोपडीवजा खोलीत एझाना राजाचा शिलालेख आहे. चौथ्या शतकातला, ग्रीक, सबाई आणि गीझ अशा तीन लिप्यांत. शेतकऱ्यांना शेतात सापडला. मजकुरात राजाच्या पराक्रमाबरोबर दगड हलवणाऱ्याला शाप आहे, म्हणून दगड जागेवरच ठेवून भोवती खोली बांधली. गाइड तिथे व्यापाराबद्दल सांगू लागला. अदुलिस बंदरात हिंदुस्थानातलं लोखंड आणि सुती कापड उतरत असे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नावाड्याच्या माहितीपुस्तकात ही नोंद आहे आणि त्याच पुस्तकात सोपारा आणि कल्याणही आहेत. आम्ही कल्याणचेच! मी फुलून गेले. पण तेच पुस्तक सांगतं, की कल्याणला लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला पाठवून देत. म्हणजे कल्याणचा थांबा रद्द होण्याची परंपरा दोन हजार वर्षं जुनी आहे.

शेवटी टेकडीवर कालेब राजाचं थडगं. सहाव्या शतकातलं. पायऱ्या उतरून अंधाऱ्या दगडी खोल्यांत गेलो, तेव्हा गाइडने आवाज खाली आणला. इथून एक भुयार थेट तांबड्या समुद्रापर्यंत जातं. समुद्र इथून दीडशे किलोमीटरहून लांब. मी डोळे मिटून घेतले. आपल्याकडे किल्ल्याकिल्ल्यावर भुयारांच्या गोष्टी सांगणाऱ्या गाइडांचं आमच्या ह्यांनी काय केलंय, ते मी पाहिलेलं आहे.

हे बोलेनात. मोबाइलच्या उजेडात भिंतीशी नाक लावून उभे होते. चुना नाही, गारा नाही, वेडेवाकडे कापलेले प्रचंड दगड एकमेकांत नुसते बसवलेले. त्यांनी पाकिटातून ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढलं आणि एका सांध्यात सारून बघितलं. जाईना. दुसऱ्या सांध्यात, तिसऱ्या सांध्यात. कार्डाचा कोपरा दुमडला.

"भुयार पुढे बुजलंय," गाइड जरा घाबरतच म्हणाला. "पण आहे."

"असेल," हे म्हणाले. "सांधे असे घेणारा माणूस असेल तर समुद्रापर्यंत काय, कल्याणपर्यंत आणलं असेल."